भिंतीनं माती खाल्ली

कल्पना करा, की तुम्ही गांडूळ आहात.

नाक मुरडू नका, थोडाच वेळ व्हायचंय. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, त्यामुळे गृहपाठही नाही. आहे ते फक्त अंग: लांबलचक, ओलसर आणि विलक्षण चोखंदळ. एका पारदर्शक डब्याच्या मधोमध तुम्हाला कुणीतरी अलगद ठेवलं आहे. डावीकडे एक माती, उजवीकडे दुसरी. कुणी काही सांगत नाही, कुणी ढकलत नाही. कुठं राहायला जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ठरवलंत? बरं. हा डबा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा येणार आहे, आणि येईल तेव्हा एका मुलीचं गुणगुणणं थांबणार आहे.

त्या मुलीला सगळे भिंत म्हणायचे. ती फुटबॉलच्या टीमची गोलकीपर होती आणि आपल्या दोन खांबांमधून बॉल म्हणून जाऊ द्यायची नाही. खांब म्हणजे दोन गंजके ड्रम. पण कधीतरी एखादा अगदी सोपा बॉल पायांमधून निसटायचाच. मग टीमचा कप्तान कमरेवर हात ठेवून ओरडायचा, "भिंतीनं माती खाल्ली रेऽऽ!" की भिंत दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याशी बोलायची नाही.

मैदान म्हणजे त्यांच्या इमारतीच्या मागचा बंद कारखाना. तिथं पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे. मालक केव्हाच निघून गेले, छप्पर उडालं, फाटकाचं कुलूप गंजलं, आणि कुलूप न उघडता आत शिरायची वाट मुलांना सापडली. इमारतीच्या अंगणात खेळायची सोय नव्हती, कारण तळमजल्यावर जप्तीकाका राहायचे. त्यांच्या दारापुढे कुंड्यांची रांग होती आणि कुंडीच्या आसपास आलेला प्रत्येक बॉल ते जप्त करायचे. "कुंडीला धक्का लागला तर याद राखा!" हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यांचा पोपटही आताशा तेच म्हणायला लागला होता.

तेव्हा मैदान गेलं, की खेळ गेला. इतकं ते सरळ होतं.

आणि मैदान जायची वेळ आली ती घरच्याच माणसामुळे. भिंतीची आत्या बिघडलेल्या जमिनी तपासायची. डॉक्टर माणसं तपासतात तसंच, फरक इतकाच, की जमीन "आऽ कर" म्हटलं तरी तोंड उघडत नाही. ते उघडावं लागतं. एका रविवारी सकाळी आत्या माती काढायचं लांब दांड्याचं गिरमिट, तपकिरी काचेच्या बरण्या आणि हातमोजे घेऊन थेट मैदानात हजर झाली. कारखान्याच्या जागेवर मुलांना खेळू द्यावं की नाही, हे तिला ठरवून सांगायचं होतं.

"पण आम्ही खेळतोच आहोत," कप्तान म्हणाला.

"ते दिसतंय मला. कुलूप लावलेल्या जागेत गोलपोस्ट आपोआप उगवत नाहीत." आत्या गुडघ्यावर बसून माती उकरत होती. एका ठिकाणची माती घेतली, की गिरमिट स्वच्छ धुवायची, मगच दुसरीकडे लावायची. "बरं, मला एक सांगा. तुम्ही रोज साधारण किती माती खाता?"

सगळी टीम भिंतीकडे बघून खिदळायला लागली.

"भिंत तर दर मॅचला खाते!"

"कालच खाल्ली. तीन-एकनं!"

"मी नाही खात माती!" भिंत कडाडली. "आत्या, तू पण ना!"

"अगं, ती नाही, खरीखुरी माती. सगळीच मुलं खातात. बोट तोंडात जातं, नख कुरतडलं जातं, पडल्यावर दातांत कचकच होते. चिमूटभर तरी रोज पोटात जातेच. ती चिमूट कसली आहे, ते मला बघायचंय."

असं म्हणून तिनं गोलच्या पुढची, जिथं भिंत झेप घ्यायची तिथली, माती बरणीत भरली आणि बरणीवर लिहिलं: गोल.

दुपारी आत्या भावाकडे, म्हणजे भिंतीच्या घरी, जेवायला आली. बरण्यांची पेटी तिनं दाराशी चपलांच्या शेजारी ठेवली. "झाकणं कुणी उघडू नये म्हणूनचे शिक्के जेवल्यावर मारते," ती म्हणाली. भुकेलेलं माणूस अशा चुका करतं.

घरात आईबाबा होते, आजोबा होते, आणि गट्टम होता. गट्टम म्हणजे भिंतीचा धाकटा भाऊ. तो नुकताच चालायला लागला होता आणि जगाची ओळख तोंडानं करून घेत होता. किल्ली, मोजा, आजोबांच्या चष्म्याची काडी, सगळ्यांशी त्याची ओळख झाली होती. आजोबांना जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता: स्वतःचे गुडघे आणि गॅलरीतल्या कुंड्यांमधली माती. गुडघे त्यांना रोज सकाळी लांब फिरायला न्यायचे, आणि येताना आजोबा पिशवीतून माती आणायचे. मऊ, बारीक, राखाडी. कुठून आणता विचारलं, की म्हणायचे, "जागा माहीत असावी लागते." इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की आजोबा पिशवीभर माती घेऊन स्वागताला हजर. त्यांची तक्रार होती ती फक्त गांडुळांबद्दल. कुंडीत सोडलेली गांडुळं सकाळपर्यंत गॅलरीच्या फरशीवर आलेली असायची.

"आजकालच्या गांडुळांना कष्ट नकोत!" आजोबा चिडून म्हणायचे.

जेवण होऊन चहा आला. भिंतीनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, समज, त्या मातीत विष सापडलं. मग मैदान बंद?"

"नुसतं सापडून नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. विष, वाट आणि पोट."

"म्हणजे?"

आत्यानं वाफाळता कप टेबलाच्या मधोमध सरकवला. "हा चहा. गट्टमच्या अंगावर सांडला तर भाजेल. हे झालं विष. तो खाली बसलाय, तो गट्टम म्हणजे पोट. पण चहा वर आहे आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. मग आत्ता धोका आहे का?"

"नाही," भिंत म्हणाली.

"नीट बघ."

भिंतीनं नीट बघितलं. टेबलावरच्या कापडाचं टोक खाली लोंबत होतं आणि गट्टमनं ते मुठीत धरून चोखायला घेतलं होतं.

"अगंबाई!" म्हणत आईनं झटकन कप उचलला.

"ही वाट," आत्या म्हणाली. "आमचं अर्धं काम म्हणजे अशी टोकं शोधणं. विष कळायला यंत्र लागतं. वाट शोधायला डोळे पुरतात, पण उघडे लागतात."

भिंतीला हे पटलं. फारच पटलं. तिनं मनात हिशेब मांडला: गोलपुढच्या मातीत विष निघालं, तर वाट आहे, कारण मी तिथं दिवसातून कितीदा तरी तोंडावर आपटते. पोटही आहे, माझंच. म्हणजे मैदान बंद. पण गोलपुढच्या मातीत विष निघालंच नाही तर?

आत्या आईच्या हाताखाली भांडी विसळायला गेली तेवढ्यात भिंत चपला शोधायच्या निमित्तानं दाराशी गेली. 'गोल' बरणी उचलून गॅलरीत आली. बरणीतली तांबूस माती टोमॅटोच्या कुंडीत ओतली, आजोबांची पिठासारखी मऊ माती बरणीत भरली, झाकण लावलं आणि बरणी जागच्या जागी ठेवली. काच तपकिरी होती, बाहेरून काही कळायची सोय नव्हती. घरातली सगळ्यात लाडाची माती! हिच्यात काय निघणार आहे? हात तिनं फ्रॉकला पुसले आणि गट्टमचा गालगुच्चा घेतला. मुलांनो, हा गालगुच्चा तिला पुढं फार आठवणार होता.

दोनेक दिवसांनी शाळा सुटल्यावर आत्या तिला आपलं काम दाखवायला प्रयोगशाळेत घेऊन गेली. भिंत गुणगुणतच गेली. लांब खोली होती, पंखे हळू फिरत होते, फडताळावर बरण्या आणि टेबलावर पारदर्शक डबे. डब्यांची राखण करणाऱ्या माणसाला तिथं गांडुळकाका म्हणत. त्यांची मान लांब होती आणि बोलणं अगदी सावकाश. गांडुळांना दचकवायचं नाही म्हणून ते घरीसुद्धा हळूच बोलत, असं आत्या म्हणाली.

"यंत्राचं उत्तर यायला अजून वेळ आहे," आत्या म्हणाली. "तोवर आपण गांडुळांना विचारतो. डब्याच्या एका बाजूला चांगली माती, दुसऱ्या बाजूला तुमच्या मैदानातली. मधला पडदा काढला आणि गांडुळं मध्यावर ठेवली. आता बघायचं, कोण कुठं राहायला गेलं."

आला ना तो डबा?

पहिल्या डब्यात गांडुळं दोन्हीकडे मजेत पसरली होती. दुसऱ्यात थोडी इकडे, थोडी तिकडे. मग गांडुळकाकांनी 'गोल' लिहिलेला डबा पुढं ओढला आणि मातीचा एक एक थर चमच्यानं बाजूला केला. चांगल्या मातीच्या बाजूला नुसती दाटी झाली होती. 'गोल'च्या बाजूला कुणी म्हणून नव्हतं. एक गांडूळ तर झाकणाला चिकटून बसलं होतं.

"याला घराबाहेर झोपायचंय," गांडुळकाका हळूच म्हणाले. "ताई, इतकी वाईट माती मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. आणि गोलपुढं अशी राखाडी माती कशी काय?"

"राखाडी?" आत्या वाकली. "मला तर ती तांबूस आठवते."

भिंतीचं गुणगुणणं थांबलं. पण मैदानासाठी नव्हे. तिला आजोबांची गांडुळं आठवली, रोज सकाळी गॅलरीच्या फरशीवर वळवळणारी. त्यांना कष्ट नको होते असं नव्हतं. ती पळून चालली होती. आणि मग तिला कुंडीपाशी फतकल मारून बसलेला गट्टम आठवला. तोंडाभोवती राखाडी मिशी. आजोबा कौतुकानं म्हणायचे, "बघा, शेतकरी होणार!" आणि त्याच मातीच्या हातांनी तिनं स्वतः घेतलेला गालगुच्चा आठवला.

विष. वाट. पोट.

आता काय करायचं? सांगितलं तर बरणी बदलल्याचं उघड होणार, आत्या पुन्हा माती घेणार, आणि या वेळी खरी. मैदानाची आशा संपली. नाही सांगितलं, तर गट्टम आत्ता या क्षणी काय खात असेल कोण जाणे. तिला विचार करायला फार वेळ लागला नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"आत्या," ती म्हणाली, "मी माती खाल्ली."

आत्याचा चेहरा पांढराफटक झाला. तिनं भिंतीला खांद्यांना धरून उजेडाकडे वळवलं. "किती? कधी? यातली? तोंड उघड. पोट दुखतंय का?"

"अगं, तशी नाही..."

"चिमूटभर की मूठभर?"

"पाणी आणू का, ताई?" गांडुळकाका आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले.

"आत्या, ऐक ना! मी तशी माती नाही खाल्ली! मी अशी माती खाल्ली! म्हणजे चुकले मी! बरणीत गोलची माती नाहीये, आजोबांच्या कुंडीतली आहे. मी बदलली. आणि ती माती मी नाही खाल्ली, ती खरोखरची माती गट्टम खातो! तशी! रोज!"

मग आत्यानं फोन उचलला. घरी घंटा वाजत राहिली. आईबाबा कामावर होते आणि आजोबा पेपर वाचता वाचता डुलकी काढत असणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या धावतच घरी पोचल्या. आजोबा खुर्चीत घोरत होते, फोन गॅलरीच्या कठड्यावर होता, आणि कुंडीपाशी गट्टम, मूठ गच्च भरलेली, तोंड हे एवढं उघडलेलं. भिंतीनं दारातूनच झेप घेतली. आडवी, पूर्ण लांबीची, मैदानातसुद्धा कधी घेतली नव्हती अशी. तिच्या बोटांत गट्टमचं मनगट आलं, मूठ सुटली, माती उडाली, ढोपर फरशीवर घासलं गेलं, आणि गट्टमनं असा काही सूर लावला, की तळमजल्यावरचा पोपट ओरडला, "याद राखा!"

"काय झालं? काय झालं?" आजोबा दचकून उठले.

"बाबा," आत्या गट्टमचे हात साबणानं धुताधुता म्हणाली, "ही माती तुम्ही कुठून आणता?"

"जागा माहीत असावी ला..."

"बाबा!"

आजोबांनी जागा दाखवली. कारखान्याच्या मागच्या कुंपणाच्या पलीकडे, झुडपांच्या आड, भट्टीतली राख वर्षानुवर्षं टाकलेला ढिगारा होता. भोवती गवत होतं, ढिगाऱ्यावर मात्र गवताची काडीही नव्हती. आत्या तिथं कधी गेलीच नव्हती, कारण तिच्या हातातला नकाशा कुंपणापाशी संपत होता.

"मीही खाल्लीच की," ती डोक्याला हात लावून म्हणाली. "आणि शिक्का मारायच्या आधी जेवायला बसले, ती वेगळी." मग भिंतीकडे वळली. "बरणी बदललीस त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. सांगितलंस त्याबद्दल मात्र... ते जाऊ दे. बरण्यांच्या जवळ पुन्हा दिसलीस तर बघ."

गट्टमच्या बोटातून रक्त काढून तपासलं. शिसं निघालं, पण फार नाही. डॉक्टर म्हणाले, आता माती बंद, वेळेवर खाऊपिऊ घाला, हात धुवा आणि काही दिवसांनी पुन्हा दाखवा. गट्टमनं जाताना डॉक्टरांच्या नळीला चावून बघितलं. ढिगारा उचलून होईपर्यंत मैदान बंद, कारण वाऱ्यावर तीच राख आत येत होती. गोलपुढची माती आत्यानं नव्यानं घेतली आणि या वेळी शिक्का तिथल्या तिथं मारला.

आजोबा मात्र दोन दिवस गुडघ्यांबद्दलसुद्धा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "मी ती सगळ्यांना वाटली."

"कुणाकुणाला, बाबा?"

"आठवत नाही. प्रेमानं दिलेलं कुणी लिहून ठेवतं का?"

आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या. प्रत्येक घरात विचारत बसायचं, तर कुणाला आठवणार, कुणाला नाही, आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तेच नेमकं राहून जायचं. भिंत खिडकीत उभी होती. तिनं वर बघितलं, खाली बघितलं. या इमारतीतली अशी एकही गॅलरी नव्हती जिथं त्यांचा बॉल कधी ना कधी पडला नव्हता, आणि तो आणायला ती गेली नव्हती. कुठल्या कुंडीत काळी माती, कुठल्या कुंडीत लाल आणि कुठल्या कुंडीत मऊ राखाडी, ती डोळे मिटून सांगू शकत होती.

ती अंगणात गेली. बंद मैदानाचे सगळे खेळाडू जिन्याच्या पायरीवर तोंडं पाडून बसले होते.

"तू सांगितलंस म्हणून मैदान गेलं," कप्तान म्हणाला. "भिंत, सॉलिड माती खाल्लीस."

"खाल्ली," भिंत म्हणाली. "आणि आता सगळी इमारत खातेय. तुझी बहीण पण, तुमच्या पुदिन्याच्या कुंडीतली. येतोस की बसतोस?"

कप्तानाची बहीण रांगत होती. तो उठला. त्याच्यामागे एकेक करत सगळी टीम उठली.

आत्यानं एकच अट घातली: कुंडीला हात कुणी लावायचा नाही, उचलायला ती आणि भिंतीचे बाबा हातमोजे घालून मागं थांबतील, मुलांनी फक्त दारं वाजवायची आणि कुंड्या दाखवायच्या.

"कुठून सुरुवात करायची?" तिनं विचारलं.

भिंतीनं तळमजल्याकडे बघितलं. सगळ्या टीमनं तळमजल्याकडे बघितलं. दारापुढं कुंड्यांची लांबच लांब रांग होती, एकजात राखाडी. टीम आपसूक दोन पावलं मागं सरली. भिंत पुढं झाली, तिनं टाचा उंचावून घंटी दाबली आणि दाबूनच धरली.

दार उघडलं. जप्तीकाका, खांद्यावर पोपट.

"काय आहे? बॉल मिळणार नाही!"

"बॉल नकोय, काका," भिंत हात मागं बांधून, फार अदबीनं म्हणाली. "आज आम्ही तुमच्या कुंड्या जप्त करायला आलोय."